विरी

कुपवाडच्या फाउंड्रीत सव्वीस वर्षं
मी वाळू मुठीत दाबून बघत आलोय.
मूठ उघडली की गोळा राहिला पाहिजे,
बोटांचे ठसे त्यावर उठलेले,
आणि मोडला तर कडक मोडला पाहिजे.
भुसभुशीत सुटला, तर आज साचा धरणार नाही.
लॅबमधला पोरगा नंतर मशीनवर आकडा काढतो,
माझ्या मुठीपासून फार लांब जात नाही तो.

एवढ्या भांडवलावर भाकरी करायला बसलो.

त्रिशलाचं मनगट मोडलं.
माधवनगरच्या वळणावर स्कूटी घसरली,
मिरजेच्या डॉक्टरनं कोपरापर्यंत प्लास्टर घातलं.
सम्मेदनं त्यावर स्केचपेननं लिहिलं,
‘काम चालू, रस्ता बंद’.

चार दिवस शेजारच्या चौगुल्यांकडून भाकऱ्या आल्या.
पाचव्या दिवशी आण्णांनी अर्धी तशीच ठेवली.
“चांगली हाय,” म्हणाले,
“पण लोकाची हाय.”

आण्णांचं जेवण दिवस मावळायच्या आत.
माझी पाळी साडेतीनला सुटते.
हातपाय धुऊन परातीपुढं बसलो,
ती चौकटीला टेकून उभी,
मोडका हात चांगल्या हातात, तान्ह्या पोरासारखा.

“आधण वता. आता मळा. भाजंल, सोडू नका.”

भाजलं नाही.
वितळलेल्या लोखंडाजवळ कमावलेले घट्टे आहेत हे.
ती जरा खट्टू झाली असावी.

मग सवयीनं पीठ मुठीत दाबलं,
मूठ उघडली,
आणि गोळा भुसभुशीत सुटला.

“विरी गेलीय पिठाची. महिन्याचं जुनं हाय.”

विरी.
आम्ही वाळूत तिला बॉन्ड म्हणतो.
माझ्याच घरात तिला नाव होतं,
रोज दोन वेळा ते परातीत मळलं जायचं,
आणि मी दुसऱ्या खोलीत पेपर वाचत बसायचो.

गिरणीत गेलो. जतचा शाळू, ताजा दळून
डबा गाडीच्या टाकीवर ठेवला,
पोटाला ऊब लागत होती घरापर्यंत.

“तळव्यानं न्हवं. बोटांनी. फिरवत ऱ्हावा.
आवो, तिला मारताय का थापताय?”
पहिली परातीतच राहिली.
दुसरी तव्यावर टाकताना दुमडली, सम्मेद म्हणाला, सामोसा.
त्यानंतरच्या मोजल्या नाहीत.
आण्णा पश्चिमेच्या खिडकीत बसून
कधी सूर्याकडं, कधी माझ्याकडं बघत होते,
काही बोलत नव्हते, हेच जास्त लागत होतं.

एक तव्यावर सरळ पडली.
वरून पाणी फिरवलं, वाळू दिलं, उलटली,
तवा काढून आचेवर धरली.

आमच्या धंद्यात आत अडकलेली हवा म्हणजे खोट.
ब्लोहोल निघाला की त्यावर खडूची फुली,
माल ढिगावर, आणि सुपरवायझर दिवसभर तोंड वाकडं करून.
मी श्वास धरून बघत होतो,
कडेला एक फुगा आला, सरकत मध्ये गेला,
दुसऱ्याला मिळाला,
आणि सगळी भाकरी
टम्म.
मी ओरडलो. काय ओरडलो ते सांगणार नाही,
फाउंड्रीतला शब्द होता.

सूर्य हळदीच्या गोदामांच्या पत्र्यामागं गेला होता.
मावळला की नुसता झाकला गेला,
हे आण्णांनी विचारलं नाही.
चूळ भरून आले, पाटावर बसले,
पापुद्रा हलक्या हातानं उचकटला,
आतली वाफ तोंडावर घेतली,
मग दोडक्याच्या भाजीला लावून घास.

त्रिशलानं डाव्या हातानं तुकडा मोडला,
मुद्दाम कडेचा.

“कडा जाड ऱ्हाइल्यात,” म्हणाली.
आणि दुसरा मोडला.